कवट्यांनी दिलेली साक्ष

३ जानेवारी. सावित्रीमाई फुले यांची जयंती. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये कार्यक्रम झाला, भाषणे झाली, मुलींना वह्या वाटल्या. सगळे पांगत असताना बारावी सायन्सला असलेली एक मुलगी जवळ आली. विज्ञानात नाव काढलेली बाई म्हटली की शाळेत मादाम क्युरीच सांगतात. पोलंड सोडून पॅरिसला गेलेली, दोनदा नोबेल मिळवलेली. आपल्या मराठी मुलखातली कोणी बाई अशी देश ओलांडून शास्त्रज्ञ झाली का, एवढेच तिला विचारायचे होते. मी इरावती कर्वे हे नाव सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या कपाळावर लगेच आठ्या पडल्या. चित्पावन घरातली लेक, महर्षी कर्व्यांची सून. तिची कथा आपल्या पोरींना कशाला, असा त्यांचा रोख होता.

मुलीचा प्रश्न रास्त होता आणि त्या काकांची आठीही रास्त होती. आपला इतिहास झाकून दुसऱ्यांच्या आरत्या आपल्याकडून पुष्कळ म्हणवून घेतल्या गेल्या आहेत. पण मी पेशाने वकील आहे. कोर्टात साक्षीदार कोणाच्या घरातला आहे हे जरूर पाहिले जाते. मात्र समोरच्या पक्षाच्या घरातला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपल्या बाजूची साक्ष देतो, तेव्हा त्या साक्षीला दुप्पट वजन येते. इरावतीबाईंनी अशी एक साक्ष दिली. तीही बर्लिनमध्ये, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराच्या ऐन कारखान्यात उभे राहून. म्हणून त्यांचे आयुष्य आपण तपासले पाहिजे. आरतीसाठी नव्हे, उलटतपासणीसाठी.

इरावती यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता आणि कितीतरी मराठी माणसे नोकरीधंद्यासाठी समुद्र ओलांडून तिकडे गेली होती. त्या देशाची जीवनवाहिनी म्हणजे इरावती नदी. तिचेच नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी या मुलीला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवण्यात आले. म्हणजे जन्मभूमी सुटली ती बाहुल्यांशी खेळण्याच्या वयातच. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांना दुसरे घर मिळाले. त्या घरात पुस्तके होती, वादविवाद होते आणि देवाधर्माला प्रश्न विचारण्याची मुभा होती.

येथेच एक गोष्ट नोंदवून ठेवू. बुद्धी इरावतीबाईंची होती, मेहनत त्यांची होती, यात शंका नाही. पण सात वर्षांच्या मुलीसाठी हुजूरपागा उघडी होती, रँग्लरांचे घर उघडे होते. त्याच काळात आपल्या वस्त्यांतील सात वर्षांची मुलगी गोवऱ्या थापत होती आणि तिचा भाऊ शाळेत गेलाच तर वर्गाबाहेर बसत होता. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून जे सांगितले जाते, तिच्या मुळाशी कोणते दार कोणासाठी उघडे होते हा प्रश्न असतोच असतो.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ मध्ये एम.ए.ची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि १९१६ मध्ये स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेच हे महर्षी.

पण गंमत पाहा. सुनेने संशोधनासाठी जर्मनीला जायचे ठरवले तेव्हा याच महर्षींचा त्या बेताला विरोध होता. ज्यांनी परक्यांच्या लेकीबाळींसाठी शाळा काढल्या, त्यांनाही स्वतःच्या सुनेची झेप पचवायला जड गेली. सुधारणेची वेस घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबते, ती अशी. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती आणि आपल्या पत्नीलाही ते मिळावे असे त्यांना वाटत होते. पैशांसाठी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले. हेच मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. बाबासाहेबही लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला गेले ते नवल भथेना या मित्राकडून उसने पैसे घेऊन, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. ज्ञानासाठी कर्ज काढावे लागणे दोघांच्याही वाट्याला आले. फरक एवढाच की एकाला परतल्यावर बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती, आणि दुसरीला अशी दारे कधी बंद झाली नाहीत.

१९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई जर्मनीला गेल्या. तो काळ नीट डोळ्यासमोर आणा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले. आणि याच १९२७ साली तिकडे बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटची मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांसाठीची संस्था सुरू झाली होती. इकडे माणसाला जन्मावरून नीच ठरवणारा ग्रंथ जळत होता आणि तिकडे माणसाला जन्मावरून नीच ठरवणारे नवे शास्त्र प्रयोगशाळेत शिजत होते. मनूची पोथी संस्कृतात होती, ही जर्मन भाषेत लिहिली जात होती, इतकाच फरक.

त्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावले होते. ज्या भूमीत १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांची जर्मन फौजांनी कत्तल केली, तीच ही भूमी. तेथून माणसांच्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीतील संग्रहांत आणल्या गेल्या. त्यांपैकी काही कवट्या २०११ पासून जर्मनीने नामिबियाला परत केल्या आहेत. पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या शास्त्राने सक्तीच्या नसबंदीला आणि वंशभेदाच्या कायद्यांना शहाणपणाचा मुखवटा पुरवला. अशा गुरूच्या हाताखाली पुण्याची ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी डॉक्टरेट करायला जाऊन बसली होती. त्या शहरात ती गोरी नव्हती, ख्रिस्ती नव्हती, पुरुष नव्हती. पुण्यात ज्या जातीमुळे दारे उघडत, ती जात बर्लिनमध्ये कोणी ओळखत नव्हते. तेथे ती फक्त एक काळी परदेशी बाई होती.

फिशर यांचे गृहीतक असे होते की, गोऱ्या युरोपियनाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. विचारशक्तीचा भाग एका बाजूला अधिक वाढल्यामुळे ती असमान होते आणि ही असमानता श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे. इतर वंशांत ती तशी आढळणार नाही. इरावतीबाईंच्या वाट्याला हे पडताळण्याचे काम आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. एकेका कवटीची डावी बाजू, उजवी बाजू, उंची, रुंदी. मोजायचे, टिपायचे, पुन्हा मोजायचे. मांडणी पुरी झाली तेव्हा निष्कर्ष स्पष्ट होता. कवटीची असमानता सगळ्याच माणसांत आढळते आणि तिचा वंशाशी काही संबंध नाही. गोऱ्यांची कवटी वेगळी नाही. माणसाची कवटी ही माणसाचीच कवटी आहे.

हे लिहायला सोपे वाटते. पण विचार करा. मार्गदर्शक तो, परीक्षक तो, पदवी त्याच्या हातात, देश त्याचा, खिशात कर्जाचे पैसे, घरी वाट पाहणारी माणसे. दोन आकडे इकडचे तिकडे केले असते तर गुरू खूश झाला असता आणि कोणाला कळलेही नसते. इरावतीबाईंनी आकडे हलवले नाहीत. वाद घातला नाही, पत्रके काढली नाहीत. जे दिसले ते लिहिले आणि प्रबंध सादर केला. मानवी कवटीच्या स्वाभाविक असमानतेवरील हा प्रबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरूने सांगितले म्हणून, परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. स्वतः तपासून पाहा, ही शिकवण तथागतांनी कालामांना दिली होती. त्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत, बुद्धाचे नाव न घेता, तीच पाळली गेली असे मला वाटते.

आता ही साक्ष आपल्या खटल्यात कोठे बसते ते पाहू. जात ही वंशावर आधारलेली आहे, ब्राह्मण हे आर्य आणि अस्पृश्य हे कोणी हीन वंशाचे, असा समज साहेबांच्या पुस्तकांनी आणि इथल्या पंडितांनी मिळून पसरवला होता. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या विध्वंसनावरील आपल्या न झालेल्या भाषणात हा समज मोडून काढला. जात म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची केलेली सामाजिक विभागणी आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्य मूळचे कोण या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली नाकाची मोजमापेच पुराव्यात घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत हे दाखवले. विरोधकाच्या दप्तरातला कागद काढून त्याच्याच विरुद्ध लावणे ही बाबासाहेबांची वकिली. इरावतीबाईंचे बर्लिनचे काम त्याच बाजूचा आणखी एक कागद आहे.

परतल्यावर त्यांनी १९३१ ते १९३६ या काळात मुंबईत महिला विद्यापीठाच्या कारभारात काम केले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. भारतातील पहिल्या स्त्री मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मोजमापाची साधने घेऊन त्या गावोगाव, डोंगरदऱ्यांत, आदिवासी पाड्यांवर हिंडल्या. डॉ. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगातील माणसांचे सांगाडे अभ्यासले. १९४७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ आला. उत्तरेत मुलगी अनोळखी गावी परक्या घरात जाते, दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरात जाते आणि आपला महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात येतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना सगळे एकच ब्राह्मण म्हणून ओळखतात, ते गटसुद्धा शरीराने एकमेकांपासून वेगळे निघाले. एका रक्ताचा ब्राह्मण नावाचा कोणी समूहच नाही! ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मल्याची कथा सांगणाऱ्यांनी हा कागद जरूर वाचावा.

आपल्यासाठी आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. महाराष्ट्र म्हणजे कोणता मुलूख, याचा विचार करताना इरावतीबाईंनी महारांकडे बोट दाखवले. जेथवर महार तेथवर महाराष्ट्र, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. गावोगाव वस्ती असलेला, गावाची शीव जाणणारा हा समाज. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याला शिवेबाहेर ठेवले, तोच शिवेचा राखणदार! दुसरीकडे, पंढरीची वारी त्यांनी पायी केली, तेव्हा जेथील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र असेही त्यांना जाणवले. पण त्याच वारीत त्यांनी पाहिले की एकाच दिंडीत ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे स्वयंपाक वेगळे, पंगती वेगळ्या. याची खंत त्यांनी लिहून ठेवली आणि स्वतः मराठ्यांच्या पंगतीत जेवल्या. बारामती-इंदापूरच्या रस्त्याने दरवर्षी तुकोबांची पालखी जाते. पालखी पाहणाऱ्याने पंगतही पाहावी.

१९६७ मध्ये आलेल्या युगान्त या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातील देवांना त्यांनी माणसांच्या रांगेत उभे केले. खांडववन जाळले गेले त्या कथेत त्यांना अग्नीची भूक दिसली नाही. जमिनीसाठी नागांची आणि वनवासींची केलेली कत्तल दिसली. नागलोकांशी आपले नाते सांगून बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरची भूमी निवडली होती, हे जाणणाऱ्या वाचकाला या निरीक्षणाचे मोल वेगळे सांगायला नको. शेवटच्या वर्षांत त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. उजनीच्या पाण्याखाली गावे गेलेल्या इंदापूरकरांना विस्थापनाचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.

आता उलटतपासणी. १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करणे हाच जातीचा प्राण आहे आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या बेड्या बाईच्या पायांत घातल्या गेल्या, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. इरावतीबाईही जातीचा विचार लग्नसंबंधांपासूनच सुरू करतात. १९६१ च्या हिंदू समाजावरील त्यांच्या ग्रंथात जात म्हणजे आपसांत लग्न करणारा विस्तारलेला नातेसमूह आणि हिंदू समाज म्हणजे अशा समूहांचा सांधलेला गोफ, असे चित्र येते. चित्र अभ्यासपूर्ण आहे. पण हे समूह शेजारी शेजारी नांदत नव्हते, एकमेकांच्या डोक्यावर उभे होते. त्या उतरंडीत सर्वांत खाली कोण चिरडला गेला, कोणाच्या हुकमाने, कोणाच्या फायद्यासाठी, हा प्रश्न त्यांच्या शास्त्रात जितका धगधगायला हवा तितका धगधगत नाही. फिशरच्या प्रयोगशाळेतील मोजपट्टीही त्यांनी आयुष्यभर खाली ठेवली नाही. इथल्या जातीजमाती त्या मोजतच राहिल्या. कवटीची असमानता मोजता येते. समाजातील असमानता मोजायची तर मोजणाऱ्याला ती सोसलेल्यांच्या शेजारी बसावे लागते.

पण कर्वे घराण्याशी आपले नाते केवळ वादाचेच नव्हते. महर्षींचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे यांच्यावर समाजस्वास्थ्य मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण बाबासाहेबांनी अशिलाची जात विचारली नाही. पुरावा आणि तत्त्व पाहिले. हाच आपला दंडक.

म्हणून त्या काकांना माझे सांगणे असे की, इरावतीबाईंची कथा आपल्या पोरींना जरूर सांगू या, पण अर्ध्यावर सोडू नये. उरलेले अर्धे काम आपल्या पोरींचे आहे. जात सोसलेल्या घरातील मुलीने हातात शास्त्र घेऊन जात तपासावी, बर्लिनला जावे, कोलंबियाला जावे आणि जे दिसेल ते निर्भयपणे लिहावे. त्यासाठी कर्ज देणारे जीवराज मेहता आपल्याला भेटत नाहीत. आपल्याला शिष्यवृत्ती हवी, आणि ती भीक नव्हे, हक्क आहे. त्या हक्काचे काय झाले? केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अनुसूचित जातींच्या व इतर वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले. म्हणजे दलित मुलीने परदेशात जाऊन कवट्या मोजाव्यात, रसायने ढवळावीत; फक्त जातीचा अभ्यास करू नये! ज्या विषयावर बाबासाहेबांनी कोलंबियात निबंध वाचला, ज्या विषयाने इरावतीबाईंना जगभर नाव दिले, तोच विषय आपल्या लेकरांसाठी बंद. ही मनाई कोणाला आणि का सोयीची आहे, हे वाचकांनीच ओळखावे.

ही मनाई चळवळीच्या प्रत्येक व्यासपीठावरून, प्रत्येक विद्यार्थी संघटनेच्या निवेदनात आणि गरज पडली तर न्यायालयातही प्रश्नांकित झाली पाहिजे. आणि गावपातळीवर आपण एवढे तरी करू शकतो. जयंतीच्या वर्गणीतील एक वाटा विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी बाजूला काढावा. डीजेचा एक तास कमी झाला तर एका पोरीचे वर्षाचे एस.टी.चे पास निघतील.

त्या बारावीच्या मुलीला मी त्या दिवशी एवढेच सांगितले की, मादाम क्युरी वाच, इरावती कर्वे वाच आणि या दोघींना जे विचारता आले नाही ते तू विचार. ती हसली आणि वही छातीशी धरून निघून गेली. त्या वहीत काय लिहिले जाते, यावर आपल्या चळवळीचे भवितव्य ठरणार आहे.

जय भीम!